किनखाबाचा उपयोग आणि किनखाबाचा वापर

आजचा विषय जाहीर झालाय तो असा : 'चीनमधलं पारंपरिक रेशमी किनखाबाचं विणकाम आणि त्याचा आजचा उपयोग'. विषय चांगला आहे, पण त्यातल्या शेवटच्या शब्दापाशी आपण आधी थोडं थांबू. मराठीत आपल्याकडे दोन शब्द आहेत, उपयोग आणि वापर. आपण ते एकमेकांच्या जागी सर्रास घालतो, पण ते एक नाहीत. टॉवेल वापरून वापरून विरला, असं आपण म्हणतो; उपयोग करून करून विरला, असं कुणी म्हणत नाही. वापरात झीज आहे. वापर म्हटला की अंग आलं, घाम आला, डाग आला, रफू आलं. उपयोगाला हे काही लागत नाही. कपाटात घडी घालून ठेवलेल्या शालूचाही उपयोग असतो : तो आहे एवढं चार लोकांना माहीत असलं तरी पुरतं.

आज आपल्याला जे म्हणायचं आहे ते या दोन शब्दांत मावतं. चिनी किनखाबाला आज उपयोग भरपूर मिळाले आहेत. वापर मात्र कमी होत गेला आहे. आणि वापर गेला की विणणाऱ्याचा हात जपता येतो, पण त्याचं डोकं जपता येत नाही. हे का, ते टप्प्याटप्प्याने पाहू.

आधी वस्तू काय आहे ते समजून घेऊ. चिनी भाषेत किनखाबाला 'जिन' म्हणतात. त्या शब्दाची लिपीतली खूणच दोन खुणा जोडून झाली आहे, एक सोन्याची आणि एक रेशमी कापडाची. प्रसिद्ध प्रकार तीन : चेंगदूचा शू किनखाब, सुझौचा सोंग किनखाब आणि नानजिंगचा 'युनजिन', म्हणजे मेघांचा किनखाब. आपला 'किनखाब' हा शब्द फारसीतून आला, आणि त्याच्याही मागे चिनी शब्द असावा असं काही कोशकार मानतात. संस्कृतात तर 'चीनांशुक' आहेच. कालिदासाच्या शाकुंतलात ते ध्वजाच्या कापडासाठी येतं. तेव्हा हा विषय आपल्याला अगदीच परका नाही. पण आज आपण राहणार आहोत मुख्यतः नानजिंगमध्ये.

नानजिंगचा जुना माग लाकडी. लांबी सुमारे ५.६ मीटर, उंची ४ मीटर, रुंदी १.४ मीटर. म्हणजे खोलीत माग ठेवलेला नसतो, मागाभोवती खोली असते. त्यावर माणसं दोन. एक वर, मागाच्या मनोऱ्यात बसतो आणि नक्षीच्या दोऱ्या ओढतो. त्या ओढल्या की ताण्याचे ठरावीक धागे वर उचलले जातात. दुसरा खाली बसतो. तो धोटा टाकतो आणि लहान लहान कांड्यांवर गुंडाळलेले रंगीत धागे हव्या त्या जागी भरतो. यातला सर्वांत नामांकित प्रकार 'च्वांगह्वा', सजवलेली फुलं. त्यात रंगीत बाणा कापडाच्या या काठापासून त्या काठापर्यंत जात नाही. फुलापुरता जातो आणि तिथेच वळतो. त्यामुळे एकाच ओळीतल्या चार कमळांना चार वेगळे रंग देता येतात. धाग्यांत रेशीम, सोनं, आणि मोरपिसाचे तंतू रेशमाबरोबर पिळून केलेला धागा. ही दोन माणसं दिवसभर बसली तर कापड निघतं पाच ते सहा सेंटिमीटर. आपल्या तीन-चार बोटांच्या रुंदीएवढं.

आता खरी गंमत या दोघांत नाही. ती आहे तिसऱ्या माणसात, जो मागावर दिसतच नाही. कागदावरचं चित्र मागाला कळत नाही. मागाला कळतं एवढंच, की या ओळीला कुठले धागे उचलायचे. हे भाषांतर करणारा एक कारागीर असतो. तो चौकटी आखलेल्या चित्रावरून दोऱ्यांची एक जुळणी बांधतो. उभ्या दोऱ्या म्हणजे ताणा, आडव्या दोऱ्या म्हणजे बाण्याची एकेक ओळ. जिथे उचलायचं तिथे दोरीवरून दोरी घ्यायची. अशी हजारो ठिकाणं. तयार झालेल्या या गुंताड्याला ते जे नाव देतात त्यात 'बन' हा शब्द आहे. बन म्हणजे मूळ, आणि बन म्हणजे वहीही. तर ही दोऱ्यांची वही. तिच्यावरून दुसरी वही उतरवता येते. बनारसच्या जुन्या मागांवरही दोऱ्यांचा 'नक्शा' बांधणारे नक्शबंद असत. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समधल्या ल्यों शहरात जकार्डने भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांनी हेच काम केलं, आणि वर बसणाऱ्या माणसाची गरज संपली.

आम्ही तत्त्वज्ञानवाले कापडाचं उदाहरण फार वापरतो. न्यायशास्त्रात कारणं शिकवायची झाली की वस्त्र आलंच : धागे हे वस्त्राचं समवायी कारण, धाग्यांचा संयोग हे असमवायी, आणि धोटा, माग, विणकर ही निमित्तं. साध्या वस्त्राला हे पुरतं. पण किनखाब समोर ठेवा आणि विचारा, यात नक्षी कुठे बसवायची? ती धाग्यांत नाही, धोट्यात नाही. खाली बसलेल्याच्या पूर्ण ताब्यातही नाही. ती त्या वहीत आहे, आणि वही बांधणाऱ्याच्या डोक्यात आहे. किनखाबातला विचार ज्याला म्हणायचं तो तिथे आहे. ही जागा लक्षात ठेवा, आपण तिथे परत येणार आहोत.

आता वापराचा इतिहास. इथे एक भाबडी समजूत दूर केली पाहिजे. जुन्या काळी किनखाब 'लोकांचा' होता आणि आज तो बाजारात गेला, असं काही नाही. इसवी सन ४१७ मध्ये लिऊ यू या सेनापतीने चांगआन जिंकलं आणि तिथले कारागीर आजच्या नानजिंगला आणले. तिथे किनखाबासाठी सरकारी कचेरी निघाली. नानजिंगकर आपल्या धंद्याची सुरुवात तिथून मोजतात. म्हणजे सुरुवातच युद्धातल्या लुटीने झाली, आणि त्या लुटीत माणसं होती. मिंग आणि चिंग घराण्यांच्या काळात इथे बादशाही विणकामाची व्यवस्था होती. कुठल्या दर्जाच्या माणसाने कुठला प्राणी अंगावर घालायचा, ड्रॅगन कुणाचा, किती नख्यांचा, हे ठरलेलं. किनखाब हा हुकूम होता, अंगावर घालायचा.

तरीही तो वापरला जात होता, हे महत्त्वाचं. बादशहाचा झगा झाला तरी बसताना चुरगळतो, त्याला बाहीला मळ लागतो. आणि तो फक्त बादशहाचाच नव्हता. नानजिंगचा माल मंगोलियात आणि तिबेटात जात असे. तिथे टोप्यांना, अंगरख्यांच्या काठांना, मठांतल्या पडद्यांना तो लागायचा. सुझौच्या सोंग किनखाबाचा एक साधा प्रकार तर चक्क पेट्यांना आतून लावायला आणि चित्रांच्या गुंडाळ्यांना पाठीशी चिकटवायला होता. चित्राची पाठ झाकणारं कापड! त्याच्याकडे कुणी बघायचंसुद्धा नाही. आमच्या मते किनखाबाच्या इतिहासातलं सगळ्यांत सभ्य काम तेच.

वापर म्हणजे काय याचा एक उत्तम दाखला साहित्यात आहे. 'लाल महालातलं स्वप्न' ही अठराव्या शतकातली थोर चिनी कादंबरी. तिचा लेखक साओ श्वेचिन याचं घराणं नानजिंगच्या बादशाही विणकामाचे अधिकारी होतं. पणजोबांना १६६३ मध्ये ती नेमणूक मिळाली, आणि १७२८ च्या सुमारास घराण्यावर गैरमर्जी होऊन मालमत्ता जप्त झाली. या कादंबरीत नायकाला मोरपिसांच्या धाग्याचा एक अंगरखा आजीकडून मिळतो. पहिल्याच दिवशी त्याला ठिणगीने भोक पडतं. दुसऱ्या दिवशी तो घालून जायलाच हवा, आणि गावातला एकही कारागीर हात लावायला धजत नाही. शेवटी तापाने फणफणलेली एक दासी, चिंगवन, रात्रभर बसून मोरपिसाच्या धाग्याने उभा-आडवा टाका धरत ते भोक बुजवते. नीट बघा : त्या कापडाची संपूर्ण रचना वाचकाला कळते ती ते जळलं म्हणून. ते कापड ज्याला खरं समजलं ती बाई मालकीण नव्हती, दासी होती. संग्रहालयातल्या काचेमागे हा प्रसंग घडू शकत नाही, कारण तिथे ठिणगी पोचत नाही.

१९०४ मध्ये नानजिंगची बादशाही विणकामशाळा बंद झाली. राज्य गेलं, मागण्या गेल्या. विसाव्या शतकाच्या मध्यावर बोटांवर मोजण्याइतके माग उरले. १९५७ मध्ये तिथे युनजिनची संशोधन संस्था स्थापन झाली, आणि २००९ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत ही कला आली. आजचे उपयोग बघायचे ते यानंतरचे. आपण चार घेऊ.

पहिला उपयोग, प्रतिकृती. बीजिंगजवळ वानली या मिंग बादशहाची कबर १९५६ ते ५८ या काळात उघडली. आतली वस्त्रं हवा लागताच कडक आणि काळपट होत गेली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला नानजिंगच्या संस्थेने त्यातल्या एका मोरपिशी झग्याचं कापड पुन्हा विणलं. त्यासाठी काही वर्षं लागली. मेलेलं कापड वाचून त्यातून वही परत बांधणं ही विद्वत्तेची परमावधी आहे, यात शंका नाही. ज्यांनी हे केलं त्यांनी तंत्र वाचवलं. पण प्रतिकृतीचा न्याय एकाच बाजूने चालतो : मुळासारखं झालं की बरोबर, वेगळं झालं की चूक. अशा कामात नवं करणं हा दोष ठरतो. भाषेचं उदाहरण घ्या. एखादी भाषा फक्त जुनी अवतरणं म्हणण्यासाठी उरली, तर तिचे उच्चार शुद्ध राहतील. तिच्यात भांडता येणार नाही, बाजारात भाव करता येणार नाही.

दुसरा उपयोग, राष्ट्राचा. शिनजियांगमधल्या नीया इथे १९९५ मध्ये किनखाबाचं एक मनगटी आवरण सापडलं, जेमतेम १८.५ बाय १२.५ सेंटिमीटर. त्यावर विणलेली आठ अक्षरं सांगतात, की पाच तारे पूर्वेला उगवले की ते चीनला लाभदायक. चेंगदूमध्ये एका हान थडग्यात जुन्या नक्षीमागांच्या प्रतिकृती मिळाल्या होत्या. त्यांवरून हांगझौच्या रेशीम संग्रहालयाने माग उभा केला, त्यावर १०,४७० ताण्याचे धागे चढवले, आणि २०१८ मध्ये हे कापड पुन्हा विणलं. केवढं काम! पण लोकप्रियता कशामुळे मिळाली? पाच तारे म्हणताच पाच ताऱ्यांचा लाल झेंडा डोळ्यांपुढे येतो म्हणून. आता, त्या विणकराचे पाच तारे म्हणजे पाच ग्रह. ते एकत्र दिसणं हा ज्योतिषातला शकुन. बरोबर सापडलेल्या दुसऱ्या तुकड्यावरचे शब्द जोडले, तर हा शकुन दक्षिणेकडच्या च्यांग लोकांवरच्या स्वारीचा आहे. आणि 'चीन' म्हणून आपण जो शब्द वाचतो त्याचा तेव्हाचा अर्थ मधली राज्यं, आजचा देश नव्हे. कापड खरं, शब्द खरे, पण केलेलं वाचन आजचं. हे सगळीकडेच होतं, आपल्याकडेही होतं. टीकाकाराचं काम एवढंच, की हे वाचन आहे, विणकाम नाही, हे सांगणं.

याच जातीचं दुसरं उदाहरण २०१४ चं. बीजिंगला एपेकची परिषद झाली तेव्हा नेत्यांच्या पोशाखांना सोंग किनखाब वापरला. समुद्राच्या लाटा आणि कडे अशी जुनी नक्षी. तिचा अर्थ सांगितला गेला, एकवीस अर्थव्यवस्थांचं सख्य. हीच नक्षी पूर्वी दरबारी झग्यांच्या घेराला असे आणि बादशाहीचं स्थैर्य सांगे. कापड आधुनिक यंत्रमागावरचं होतं. त्यात वाईट काही नाही. उलट त्यामुळे सुझौचं नाव लोकांच्या तोंडी आलं, मागण्या आल्या. पण एका छायाचित्रापुरतं अंगावर चढवलेलं कापड वापरलं गेलं, असं आपण म्हणू शकतो का? त्याला डाग पडायला वेळच मिळाला नाही.

तिसरा उपयोग, भेटवस्तू. टाय, पाकीट, पुस्तकातली खूण, चौकटीत बसवलेला ड्रॅगन. यावर नाक मुरडणं सोपं आहे. आम्ही मुरडणार नाही, कारण त्या पाकिटांवर विणकराच्या घरची चूल पेटते. अडचण वेगळी आहे. भेटवस्तू देणारा एक, घेणारा दुसरा, आणि वापरणारा बहुधा कुणीच नाही. त्यामुळे 'हे खिशात टोचतं', 'हा रंग उन्हात उडतो' अशी तक्रार विणणाऱ्यापर्यंत परत येत नाही. आणि तक्रार हा कारागिराचा खरा गुरू असतो.

चौथा उपयोग आपल्याला सगळ्यांत अवघड जातो. गेल्या काही वर्षांत चिनी तरुण मुलींनी घोडमुखी घागरा, चिनीत 'माम्येनचुन', पुन्हा घालायला सुरुवात केली. २०२२ मध्ये एका फ्रेंच कंपनीचा तसाच दिसणारा घागरा बाजारात आला तेव्हा चिनी विद्यार्थ्यांनी पॅरिसमध्ये तिच्या दुकानासमोर निदर्शनं केली, आणि मागणी आणखी वाढली. आज शानडोंग प्रांतातल्या साओ परगण्यातून हे घागरे ढिगांनी निघतात. सोनेरी पट्टे बहुतेकदा यंत्रावर विणलेले, धागा पुष्कळदा पॉलिएस्टरचा. जाणकार म्हणतात, हा किनखाबच नव्हे. ते खरं आहे. पण मुली तो घालून बसमध्ये चढतात, नूडल्स खातात, त्यावर रस्सा सांडतात, धुतात, मैत्रिणीला देतात. खिसा नाही म्हणून कुरकुरतात, आणि पुढच्या वर्षी खिसा येतो. मंडळी, वापर म्हणतात तो हा. संस्थेच्या झग्यात धागा अस्सल आहे पण वापर नाही. या घागऱ्यात वापर अस्सल आहे पण धागा नाही. आजच्या सगळ्या परिस्थितीचं निदान आम्ही या एका वाक्यात करू.

इथे कुणी विचारेल, मग तुमचं म्हणणं काय, पाच सेंटिमीटर रोजचं कापड घालून बसमध्ये चढायचं? नाही. ते परवडणार नाही आणि परवडण्याची गरजही नाही. आपला आग्रह हाताचा नाही, त्या तिसऱ्या माणसाचा आहे, वही बांधणाऱ्याचा. च्वांग्त्झूच्या ग्रंथात एका चाकं करणाऱ्या म्हाताऱ्याची गोष्ट आहे. तो राजाला सांगतो, तुम्ही वाचता ती पुस्तकं म्हणजे मेलेल्यांचा चोथा. माझ्या हाताला जे कळतं ते मला माझ्या मुलालाही सांगता येत नाही. गोष्ट फार थोर आहे. पण नानजिंगच्या कारागिरांनी तिला प्रत्यक्षात अर्धं उत्तर दिलं. त्यांनी हाताला कळलेलं दोऱ्यांच्या वहीत लिहून काढलं आणि पुढच्याला दिलं. म्हाताऱ्याचं उरलेलं अर्धं मात्र खरंच ठरलं : जुनी वही उतरवता येते, नवी वही कशी सुचते ते उतरवता येत नाही. ती सुचते कुणीतरी नवं मागितल्यावर. मागतो तो वापरणारा. वापरणारा नसला की वही उतरवली जाते, बांधली जात नाही. विणणाऱ्याचं डोकं हरवतं असं सुरुवातीला म्हटलं, ते या अर्थाने.

तेव्हा आजच्या कुठल्याही किनखाबाकडे बघताना आपण तीन प्रश्न विचारावेत. एक, त्याचं नाव खरं सांगितलंय का? यंत्रावरचं असेल तर यंत्रावरचं म्हणा, त्याने कापडाची अब्रू जात नाही. दोन, त्यात आजच्या कुणा कारागिराने काही ठरवलंय का, की सगळं आधीच ठरलेलं होतं? तीन, त्याला झिजायची, जळायची, रफू व्हायची परवानगी आहे का? तिन्हींना 'हो' मिळणं दुर्मीळ. पण एकालाही 'हो' मिळत नसेल, तर ते कापड कितीही महाग असो, ते फक्त प्रमाणपत्र आहे.

हे प्रश्न नानजिंगपुरते नाहीत हे तुमच्या लक्षात आलंच असेल. येवल्याच्या विणकराला च्वांगह्वा दाखवला तर तो लगेच ओळखेल, की इथेही फुलापुरता धागा फुलापाशीच वळतो. फरकही त्यालाच आधी दिसेल : पैठणीत तिल्लीवरचा तो रंगीत धागा हाच कापडाचा बाणा असतो, नानजिंगला जमिनीचा बाणा वेगळा आणि फुलाचा वरून भरलेला. पैठणीच्या दुकानात मात्र पहिल्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला 'सेमी' या एका शब्दात मिळतं. तो शब्द फसवा वाटतो, पण निदान काहीतरी कबूल करतो. दुसरा प्रश्न विचारायचा आपल्याकडे अजून रिवाज नाही. मोर कुणी ठरवला, हे आपण विचारत नाही. मोर आहे ना, एवढं बघतो.

नानजिंगमध्ये आजही तरुण मुलं-मुली त्या मागावर शिकत आहेत. एक वर, एक खाली. त्यांना वारसा म्हणून जपलं जातंय, हे चांगलंच आहे. पण त्यांतल्या एखादीने उद्या न विचारता एक नवी वही बांधली, आणि तिच्यावरचं कापड कुणीतरी रोज घालून फाडलं, तर युनेस्कोच्या यादीपेक्षा ती बातमी आम्हांला मोठी वाटेल.

तुमचे प्रश्न असतील तर आता घेऊ.